हे चित्र कुठं लावायचंय?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो ते माझे चित्रकलेचे शिक्षक. शाळेची नोकरी सांभाळून ते फोटोवरून तैलचित्रं करून देत. कुणाचे वडील गेलेले असत, कुठल्या पतसंस्थेला संस्थापकांचं चित्र सभागृहात लावायचं असे. गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं की सर आधी फोटो हातात घेत नसत. विचारत, "हे चित्र कुठं लावायचंय?" माजघरात की ओसरीवर? खिडकी कुठल्या बाजूला? बघणारा खाली बसून बघणार की समोरून चालत येणार? उत्तरं मिळाली की मगच ते मान किती वळवायची, कोटाचा काळा किती खोल ठेवायचा हे ठरवत. मी तेव्हा त्यांचे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवायला बसायचो. पुढं माझा सगळा अभ्यास सोळाव्या शतकातल्या युरोपीय दरबारी व्यक्तिचित्रांचा झाला. त्या अभ्यासात सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न मला कुठल्याही ग्रंथात मिळाला नाही. तो सरांनी गिऱ्हाइकांना विचारताना मी ऐकला होता.

प्रबोधनकाळातलं दरबारी व्यक्तिचित्र आज लिलावात आलं तर त्यावर कोट्यवधी डॉलरची बोली लागते. काढलं गेलं तेव्हा मात्र त्याला बाजार नव्हता. चित्रकाराला मेहनताना मिळे, पुष्कळदा दरबाराकडून ठरलेला पगार असे, रंगांचा नि सोन्याच्या वर्खाचा हिशेब असे. पण पुरं झालेलं चित्र कुणाला तरी विकायचं, ही गोष्ट त्यात कुठंच नव्हती. ते एका ठरलेल्या भिंतीसाठी आणि ठरलेल्या डोळ्यांसाठी काढलेलं असे. ती भिंत सुटली की चित्र बाजारात येतं. तिथं त्याचं काय होतं, ते आज मला सांगायचं आहे. सुरुवात मला सर्वांत प्रिय असलेल्या चित्रापासून करतो.

१२ मार्च १५३८ या दिवशी, दुपारी एक वाजता, ब्रुसेल्समध्ये हान्स होल्बाइन एका सोळा वर्षांच्या मुलीसमोर कागद घेऊन बसला. मुलीचं नाव क्रिस्टिना. डेन्मार्कच्या पदच्युत राजाची ही मुलगी, सम्राट पाचव्या चार्ल्सची भाची. मिलानच्या ड्यूककडे नांदायला गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि त्यानंतर दीड वर्षातच विधवा झाली. आता नेदरलँड्सचा कारभार पाहणाऱ्या मावशीच्या, हंगेरीच्या राणी मेरीच्या, आश्रयाला होती. तिकडं इंग्लंडचा आठवा हेन्री ४६ वर्षांचा झाला होता. पहिली बायको टाकलेली, दुसरीचं डोकं उडवलेलं, तिसरी जेन सीमोर मुलाला जन्म देऊन १५३७ च्या ऑक्टोबरात वारलेली. राजाला चौथं लग्न करायचं होतं आणि मुलगी कशी दिसते हे आधी बघायचं होतं. तो ब्रुसेल्सला जाऊ शकत नव्हता, ती लंडनला येऊ शकत नव्हती. म्हणून दरबारचा चित्रकार गेला.

त्याला तीन तास मिळाले. होल्बाइनला घाईत काम करायची सवय होती. कागदावर खडूनं चेहरा टिपायचा, रंगांच्या नोंदी करून ठेवायच्या आणि मोठं चित्र परत येऊन करायचं, अशी त्याची रीत. इंग्लंडचा ब्रुसेल्समधला वकील जॉन हटन यानं त्याआधी दुसऱ्या एका चित्रकाराचं क्रिस्टिनाचं चित्र लंडनला रवानाही केलं होतं. होल्बाइन येऊन पोचल्यावर त्यानं माणूस पिटाळून ते चित्र वाटेतच थांबवलं. याच हटननं आधी पत्रातून कळवलं होतं की ती हसली की दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर खळी पडते. आपल्याकडं स्थळाचा फोटो पाठवताना सोबत दोन ओळी लिहितात, तशाच या ओळी.

होल्बाइनच्या चित्रात ती हसत नाही. ओकच्या फळीवरचं १७९ सेंटिमीटर उंचीचं चित्र आहे, म्हणजे बाई जवळजवळ खऱ्या उंचीची समोर उभी राहते. विधवेचा काळा पोशाख, त्याला आतून फरचं अस्तर. मागं निळसर-हिरवी सपाट भिंत आणि तिच्यावर पडलेली तिचीच सावली. मुकुट नाही, गळ्यात हार नाही. एका बोटात माणकाची अंगठी तेवढी. एवढ्या काळ्यात उघडे फक्त दोन भाग: चेहरा आणि हातमोजे धरलेले हात. मी लंडनमध्ये या चित्रासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा बराच वेळ फक्त हातच पाहत होतो. त्या मुलीला आपल्याला का पाहिलं जातंय ते पुरतं ठाऊक आहे, आणि तरी ती मान खाली घालत नाही, हे मला त्या हातांवरून कळलं. तीन तासांत होल्बाइनला ते कसं दिसलं असेल, याचा मी आजही विचार करतो.

हेन्रीला चित्र इतकं आवडलं की तो खुशीत आला आणि दिवसभर वाद्यं वाजवून घेऊ लागला, असं सम्राटाच्या वकिलानं लंडनहून लिहून ठेवलं आहे. लग्न मात्र जमलं नाही. त्याच उन्हाळ्यात सम्राट आणि फ्रान्सचा राजा यांचा तह झाला, तसा इंग्लंडच्या सोयरिकीचा सम्राटाला उपयोग उरला नाही. शिवाय हेन्रीची पहिली बायको क्रिस्टिनाच्या आजीची सख्खी बहीण होती, त्यामुळे धर्माचीही परवानगी लागणार होती. १५४१ मध्ये क्रिस्टिनानं लोरेनच्या गादीच्या वारसाशी लग्न केलं. ज्या कामासाठी चित्र काढलं ते काम फसलं. चित्र हेन्रीनं ठेवून घेतलं. त्याआधीच, १५३९ मध्ये, होल्बाइननं क्लेव्ह्जच्या अ‍ॅनचं चित्र काढलं. तिच्याशी हेन्रीनं १५४० च्या जानेवारीत लग्न लावलं आणि जुलैत मोडलं. ते चित्र आज पॅरिसला लूव्रमध्ये आहे. होल्बाइनला मात्र राजानं काही शिक्षा केली नाही, हे मुद्दाम सांगतो.

दरबारी व्यक्तिचित्राचं काम हे असं असे. माणूस जिथं पोचू शकत नाही तिथं त्याच्या जागी उभं राहायचं. सोयरीक हे त्यातलं एक काम. तह, वारसा, कृतज्ञता, धाक ही बाकीची. म्हणून एका चेहऱ्याच्या अनेक प्रती लागत. फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो द मेदिची १५३७ मध्ये सतराव्या वर्षी गादीवर आला. ब्रॉन्झिनोनं १५४० च्या दशकात त्याचं चिलखतातलं चित्र काढलं. त्याची मुख्य प्रत फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात मानतात. पण या चित्राच्या पंचवीसहून अधिक प्रती आज जगभर आहेत. काही ब्रॉन्झिनोच्या हातच्या, बऱ्याचशा त्याच्या कार्यशाळेतल्या. ड्यूकच्या दृष्टीनं त्या सगळ्या सारख्याच खऱ्या होत्या. ज्याला भेट जायची त्याच्या घरी कोसिमो पोचला की काम झालं. 'मूळ' आणि 'नक्कल' यांच्यातलं आजचं अंतर, म्हणजे एकीची किंमत दुसरीच्या शंभर पट असणं, हे बाजारानं नंतर निर्माण केलं.

साम्य म्हणजे हुबेहूब, हा आपला समजही तेव्हाच्या दरबारात टिकत नाही. मान्तुआची मार्क्वेस इझाबेला देस्ते ही त्या काळातली अतिशय चोखंदळ संग्राहक. स्वतःच्या चित्रासाठी बसायचा तिला कंटाळा. बोलोन्याच्या फ्रान्चेस्को फ्रान्चियानं १५११ मध्ये तिला समोर न बसवताच, दुसऱ्या चित्रावरून नि ऐकीव वर्णनावरून, तिचं चित्र काढलं. तिला ते आवडलं. फक्त डोळे काळे झालेत, ते हलके करावेत, असं तिनं कळवलं. पुढं तिशियननं साठी ओलांडलेल्या इझाबेलाचं चित्र केलं, ते या फ्रान्चियाच्या चित्रावरून. आज व्हिएन्नात आहे ते तेच. त्यात ती ऐन तारुण्यात दिसते. तिशियननं सम्राट चार्ल्सची राणी इझाबेला हिचं १५४८ मध्ये काढलेलं चित्र तर तिच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी झालेलं, तेही दुसऱ्या चित्रावरून. फोटोवरून गेलेल्या माणसाचं तैलचित्र करणाऱ्या सरांचा हात या परंपरेत किती जुना होता, हे मला फार उशिरा कळलं.

याउलट एक पत्र आहे ते मला फार हलवतं. १४९८ मध्ये याच इझाबेलानं मिलानच्या चेचिलिया गालेरानीला लिहिलं की लिओनार्दोनं काढलेलं तुमचं चित्र बघायला पाठवा, मला ते बेल्लिनीच्या कामाशेजारी ठेवून बघायचं आहे. चेचिलियानं चित्र पाठवलं, पण सोबत कळवलं की ते आता माझ्यासारखं दिसत नाही. दोष उस्तादाचा नाही, ते काढलं तेव्हा मी अगदी लहान होते आणि तेव्हापासून पार बदलले आहे. 'एर्मिन घेतलेली स्त्री' म्हणून आज जग ओळखतं ते हे चित्र. १८०० च्या सुमाराला पोलंडच्या चार्तोरिस्की घराण्यानं ते इटलीतून घेतलं, दुसऱ्या महायुद्धात नाझींनी पळवलं, युद्धानंतर ते परत आलं, आणि २०१६ च्या डिसेंबरात पोलंडच्या सरकारनं त्या घराण्याचा सगळा संग्रह १० कोटी युरोला विकत घेतला. संग्रहाच्या बाजारभावाच्या मानानं ही रक्कम फारच थोडी होती. पण चेचिलियाचं ते वाक्य! स्वतःच्या चित्राबद्दल एवढं स्वच्छ दुसरं कुणी बोललेलं माझ्या वाचनात नाही.

दरबारी चित्राची भिंत आपल्यापासून फार लांब होती असंही नाही. १५४७ मध्ये गोव्याचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यानं आपल्याआधीच्या सर्व गव्हर्नरांची चित्रं काढवून राजवाड्यात लावायचं ठरवलं. काम सोपवलं गास्पार कोर्रेयाकडे. यानं भारतातल्या पोर्तुगीजांचा मोठा इतिहास लिहिला आणि त्यानं जवळजवळ सगळ्या गव्हर्नरांना प्रत्यक्ष पाहिलेलं होतं. तो वर्णन करून सांगे, रेखाटून दाखवी. रंगवलं एका इथल्याच चित्रकारानं. त्याचं नाव नोंदीत आलं नाही. म्हणजे ब्रॉन्झिनो फ्लॉरेन्समध्ये कोसिमोची चित्रं करत होता त्याच वर्षांत मांडवीकाठी कुणी गोंयकार हात पोर्तुगीज सत्तेचे चेहरे रंगवत होता. पुढं नवा व्हाइसरॉय आला की नवं चित्र, अशी रांग वाढत गेली. चित्रं जुन्या गोव्यातून पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात आली आणि गोवा मुक्त झाल्यावर जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेली. काही लिस्बनला पोचली. हवेनं, वाळवीनं खराब झाली की त्यांच्यावर पुन्हा पुन्हा रंग चढवला गेला, इतका की मूळ हात शोधायला तज्ज्ञांना थर मोजावे लागतात. या चित्रांना कधी लिलावाची हातोडी लागली नाही. ती सुंदर आहेत असं मी म्हणणार नाही. पण दरबारी चित्र विकलं न जाता आपल्या कामावरच उभं राहिलं तर कसं दिसतं, ते बघायचं असेल तर गोव्याला जावं. युरोपात असं उदाहरण मिळणं कठीण.

युरोपात भिंती कोसळल्या, आणि त्यातली मोठी पडझड सतराव्या शतकातली. मान्तुआचं गोन्झागा घराणं पैशाच्या चणचणीत आलं आणि १६२७-२८ मध्ये त्यांच्या चित्रसंग्रहाचा मोठा भाग इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सनं विकत घेतला. एका दरबाराची भिंत दुसऱ्या दरबारानं उचलून नेली. वीस वर्षांनी, ३० जानेवारी १६४९ ला, त्याच चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि पार्लमेंटनं राजाच्या मालमत्तेच्या विक्रीचा कायदा केला. लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये चित्रं किमतीच्या चिठ्ठ्या लावून मांडली गेली. राजाकडून ज्यांचं येणं थकलं होतं त्यांना पैशाऐवजी चित्रं दिली गेली. राजवाड्याचं नळकाम करणाऱ्या कारागिराच्याही वाट्याला चित्रं आली. मला नेहमी वाटतं की दरबारी चित्राच्या बाजाराचा खरा जन्म या विक्रीत आहे. ज्यांना त्या चित्रांतला माणूस कोण, त्याचं आपल्याशी काय नातं, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं अशा लोकांच्या हाती ती पहिल्यांदाच इतक्या मोठ्या संख्येनं पडली.

त्यातल्या एका चित्राचा प्रवास बघा. तिशियननं १५३३ च्या सुमारास सम्राट पाचव्या चार्ल्सचं कुत्र्यासह उभं चित्र केलं. १६२३ मध्ये इंग्लंडचा युवराज चार्ल्स स्पेनच्या राजकन्येला मागणी घालायला माद्रिदला गेला. लग्न जमलं नाही, पण स्पेनच्या राजानं त्याला भेट म्हणून हे चित्र दिलं. चार्ल्सच्या वधानंतर ते लंडनच्या विक्रीत गेलं, आणि स्पेनच्या वकिलातीमार्फत चित्रं परत खरेदी होत होती त्यात ते माद्रिदला पोचलं. आज प्रादो संग्रहालयात आहे. सम्राटाच्या पणतवानं भेट दिलेलं पणजोबांचं चित्र त्याच घराण्याला पैसे मोजून घरी आणावं लागलं.

त्यानंतर दीड-दोन शतकं व्यक्तिचित्राला बाजारात फार वरची जागा नव्हती. फ्रेंच अकादमीनं सतराव्या शतकात विषयांची जी उतरंड लावली तिच्यात पुराणकथा नि इतिहासाची चित्रं वर होती, माणसाचं चित्र खाली. परक्या घराण्याचा कुणी मेलेला सरदार आपल्या दिवाणखान्यात कशाला हवा? हा साधा प्रश्न होता आणि तो बरोबरही होता. चेहऱ्याची ओळख मिटली की दरबारी चित्र म्हणजे चांगल्या कपड्यांतला अनोळखी माणूस. अशी कितीतरी चित्रं युरोपातल्या वाड्यांत 'एक सरदार' किंवा 'पुरुषाचं चित्र' एवढ्याच नावानं जिन्यांवर टांगलेली राहिली.

म्हणून बाजारात पुढं सगळा खेळ नावांचा झाला. दोन नावं असतात: चित्रातल्या माणसाचं आणि चित्रकाराचं. लिलावगृहांच्या सूचीत चित्रकाराच्या नावाशेजारी जे लहानसे शब्द येतात ते नवख्याच्या लक्षातही येत नाहीत, पण सगळी किंमत त्यांच्यातच असते. नुसतं नाव असेल तर चित्र त्याच्या हातचं. 'यांचं मानलं गेलेलं' असेल तर शंका आहे. मग 'यांच्या कार्यशाळेतलं', मग 'यांच्या वर्तुळातलं', मग 'यांच्या अनुयायाचं', मग 'यांच्या धाटणीचं', आणि तळाला 'यांच्यावरून', म्हणजे नक्कल. एकेक पायरी उतरताना किंमत किती कोसळते ते एका चित्रावरून सांगतो.

१५१८ मध्ये राफाएलनं उर्बिनोचा ड्यूक लोरेन्झो द मेदिची याचं चित्र केलं. हा लोरेन्झो म्हणजे मॅकियाव्हेलीनं ज्याला आपलं 'द प्रिन्स' अर्पण केलं तो. त्याचं लग्न फ्रान्सच्या राजाच्या नात्यातल्या मादलेन द ला तूरशी ठरलं होतं आणि चित्र फ्रान्सला जायचं होतं. म्हणजे पुन्हा सोयरीकच. लाल-सोनेरी भरगच्च पोशाख, हातात सोन्याची छोटीशी डबी. तिच्यात नवरीचं लहानसं चित्र असावं असं मानतात. त्यानं तिचं चित्र हातात धरून स्वतःचं चित्र तिला पाठवायचं! लग्न झालं. १५१९ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, महिना उलटण्याच्या आतच आई वारली आणि आणखी काही दिवसांनी बाप. ती पोरकी मुलगी म्हणजे पुढं फ्रान्सची राणी झालेली कॅथरीन द मेदिची.

काळाच्या ओघात या चित्रावरून राफाएलचं नाव गळून पडलं. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते ३२५ डॉलरला विकलं गेलं. घेणाऱ्या दलालाच्या नजरेत काही होतं. अभ्यासकांनी पाहणी केली, १९७१ मध्ये ते राफाएलचं म्हणून प्रसिद्ध झालं, आणि ५ जुलै २००७ ला लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात त्याला १ कोटी ८५ लाख पौंड, म्हणजे तेव्हाचे ३ कोटी ७३ लाख डॉलर मिळाले. कापड तेच, रंग तेच, चेहरा तोच. एकोणचाळीस वर्षांत बदललं ते एक नाव. या आकड्यांचं अप्रूप मला नाही. मला टोचतं ते हे की ३२५ डॉलरच्या दिवशीही चित्र तितकंच चांगलं असणार आणि लिलावाच्या खोलीतल्या बहुतेकांना ते दिसलं नाही. चांगुलपण डोळ्यांनी बघायचं असतं, ही गोष्ट आम्ही शिकवणारे लोकही पुरेशी शिकवत नाही.

चित्रातल्या माणसाचं नाव किती वजनदार असतं ते पोन्तोर्मोच्या चित्रात दिसतं. लांब दांड्याचं शस्त्र हातात धरून उभा असलेला, कोवळ्या चेहऱ्याचा, लाल टोपीचा एक तरुण. ३१ मे १९८९ ला न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजनं ते विकलं तेव्हा सूचीत नाव छापलं होतं 'ड्यूक कोसिमो द मेदिची'. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयानं ते ३ कोटी ५२ लाख डॉलरला घेतलं. जुन्या उस्तादांच्या चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत आली नव्हती. आज गेटीच्या भिंतीवर मात्र प्रश्नचिन्हासह दुसरं नाव आहे: फ्रान्चेस्को गुआर्दी.

दोन्ही बाजूंना आधार आहे. सतराव्या शतकातल्या एका यादीत हे चित्र कोसिमोचं म्हटलं आहे. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वासारी सांगतो की फ्लॉरेन्सला वेढा पडला असताना पोन्तोर्मोनं फ्रान्चेस्को गुआर्दीचं सैनिकाच्या वेशातलं चित्र केलं होतं. टोपीवरच्या सोन्याच्या बिल्ल्यावर हर्क्युलिस आणि अँटियसची कुस्ती आहे. हर्क्युलिस फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचं जुनं चिन्ह, आणि कोसिमोनंही तो आपलासा केला होता. म्हणजे पुरावाही दोन्हीकडं वळतो. आता यातला फरक लक्षात घ्या. १५२९-३० चा वेढा सम्राटाच्या सैन्यानं मेदिचींना परत गादीवर बसवण्यासाठी घातला होता. चित्रातला मुलगा गुआर्दी असेल तर तो प्रजासत्ताकासाठी तटावर उभा राहिलेला मुलगा आहे. कोसिमो असेल तर तो त्या प्रजासत्ताकाच्या जागी आलेला राजा. एकच चेहरा, तीच कमरेवर ठेवलेली मूठ, आणि अर्थ एकमेकांच्या उरावर बसणारे. माझं मत विचाराल तर मी गुआर्दीच्या बाजूचा. राजाला आपण राजा आहोत हे माहीत असतं. या मुलाच्या डोळ्यांत भीती आहे आणि ती लपवायची धडपड आहे. पण हे मत आहे, पुरावा नव्हे. कबूल करायचं ते एवढंच की १९८९ मध्ये त्या खोलीत राजाचं नाव उच्चारलं जात होतं. लोक तटावरच्या एखाद्या पोरासाठी इतकीच बोली लावतील का, याची परीक्षा झालीच नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पोलाद नि रेल्वेच्या पैशानं व्यक्तिचित्राची उतरंड उलटी केली. न्यूयॉर्कच्या हेन्री क्ले फ्रिकनं १९१२ मध्ये होल्बाइननं काढलेलं, आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या थॉमस मोरचं चित्र घेतलं आणि १९१५ मध्ये त्याच होल्बाइनचं थॉमस क्रॉमवेलचं. मोरला ज्यांनी वधस्तंभाकडं नेलं त्यांत क्रॉमवेल पुढं होता, आणि पाच वर्षांनी त्याचंही डोकं उडालं. फ्रिकच्या घरात ही दोन चित्रं शेकोटीच्या दोन बाजूंना लावलेली आहेत. चार शतकं हे दोघे एकमेकांकडं बघत नव्हते; पोलादाच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना समोरासमोर आणलं. ज्यांना घराणं नव्हतं त्यांनी दुसऱ्यांचे पूर्वज विकत घेतले अशी टीका या मंडळींवर झाली, आणि त्यात तथ्य आहे. पण मी त्या खोलीत गेलो आहे, आणि ती भिंत ज्यानं लावली त्याला चित्रं वाचता येत होती हे मला मान्य करावं लागतं.

आता परत क्रिस्टिनाकडं. हेन्रीनंतर तिचं चित्र लॉर्ड लमलीच्या संग्रहात गेलं. १५९० च्या त्याच्या यादीत चित्रातली बाई कोण आणि चित्रकार कोण हे दोन्ही लिहिलं आहे, म्हणून तिची दोन्ही नावं टिकली. क्रिस्टिना त्याच वर्षी वारली. पुढं चित्र अरंडेलच्या हॉवर्ड घराण्याकडं, म्हणजे नॉर्फकच्या ड्यूकांकडं आलं. १८८० पासून ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत उसनं लावलेलं होतं. लोकांना ते आपलंच वाटू लागलं होतं.

१९०९ च्या वसंतात ड्यूकनं ते कोल्नागी या दलालांना ६१,००० पौंडांना विकलं. कोल्नागींनी देशासाठी किंमत सांगितली ७२,००० पौंड आणि मुदत दिली थोड्या आठवड्यांची. नाहीतर चित्र अमेरिकेला जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. नॅशनल आर्ट कलेक्शन्स फंड ही संस्था १९०३ मध्ये याच कामासाठी निघाली होती. तीन वर्षांपूर्वी तिनं वेलास्केझचं व्हीनस ४५,००० पौंड उभे करून देशात राखलं होतं. आता त्याहून कितीतरी मोठी रक्कम हवी होती. सरकारनं १०,००० दिले. वर्तमानपत्रांतून आवाहनं झाली, वर्गणी येत होती, पण मुदत संपत आली तरी निम्म्याहून अधिक रक्कम कमी पडत होती.

आणि अगदी शेवटच्या घटकेला एका स्त्रीकडून ४०,००० पौंड आले. अट एकच, की तिचं नाव कधीही जाहीर करायचं नाही. ते आजवर झालेलं नाही.

या चित्राच्या तोवरच्या पावणेचारशे वर्षांत हेन्रीनं ते बायको मिळवायला काढवलं, लमलीनं आपल्या घराण्याच्या वैभवासाठी यादीत मांडलं, ड्यूकांनी ते वारशानं बाळगलं, दलालांनी नफ्यासाठी घेतलं. प्रत्येकानं क्रिस्टिनाशेजारी आपलं नाव लावलं. सर्वांत मोठी देणगी देणारीनं ते लावलं नाही.

गेल्या वेळी लंडनला गेलो तेव्हा पुन्हा त्या दालनात जाऊन बसलो. एका शाळेचा वर्ग आला होता. मुलं फरशीवर मांडी घालून बसली, शिक्षिका समोरच्या कोपऱ्यातून चालत येत त्यांच्याशी बोलत होत्या. काही मुलं खालून वर बघत होती, काही उठून जवळ जात होती. एक मुलगी, दहा-अकरा वर्षांची असेल, बाकी काही न काढता वहीच्या पूर्ण पानावर फक्त ते दोन हात काढत होती. बोटं चुकली की खोडायची आणि परत वर बघायची.